लोणावळा लोकलचे चार मार्ग : मुळशीच्या व्यापाऱ्याने हिशेब कसा मांडावा?

मुळशी तालुक्यात रेल्वेचे एकही स्थानक नाही. तरीही हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे या पट्ट्यातील दुकानदार, सुतार, वेल्डिंगवाले यांचा लोणावळा लोकलशी रोजचा संबंध येतो. कामावरचा कारागीर मावळातून लोकलने येतो, आकुर्डी किंवा चिंचवडला उतरतो आणि पुढे बस किंवा रिक्षा धरतो. लोकल रखडली की दुकानाचे शटर उघडते, पण काम सुरू होत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुणे–लोणावळा तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेला आणि खर्चातील राज्याच्या वाट्याला मंजुरी दिली. प्रकल्पाचा अंदाजे खर्च ५,१०० कोटी रुपये आहे. अशी बातमी आली की स्थानकाजवळच्या गाळ्यांचे भाव चढू लागतात. म्हणून हा प्रकल्प नेमके काय करणार, हे आधी समजून घेतले पाहिजे.

खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ साली सुरू झाली. बोरघाट १८६३ साली जोडला गेला आणि १९२९ पर्यंत पुण्यापर्यंत विजेच्या गाड्या आल्या. आज कर्जत ते लोणावळा या अवघड घाटात तीन मार्ग आहेत, आणि लोणावळा ते पुणे या सपाटीवरच्या सुमारे ६४ किलोमीटरमध्ये मात्र दोनच, एक जाण्याचा व एक येण्याचा. लोकल, मुंबईच्या एक्स्प्रेस, दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या, सगळा भार याच दोन मार्गांवर.

अरुंद गल्लीत हातगाडी पुढे आणि टेम्पो मागे असला म्हणजे काय होते, हे बाजारातल्या माणसाला सांगावे लागत नाही. प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या लोकलला हे अंतर कापायला सुमारे ८० मिनिटे लागतात. एक्स्प्रेसला ५५ मिनिटे लागतात असे धरू. फरक २५ मिनिटांचा झाला. म्हणजे लोकल सुटल्यावर २५ मिनिटांच्या आत एक्स्प्रेस सोडली तर ती वाटेतच लोकलला गाठणार. मग लोकल कुठल्यातरी स्थानकात बाजूला उभी करायची, नाहीतर ती मुळात सोडायचीच नाही. एका जलद गाडीसाठी लोकलचा जवळजवळ अर्धा तास असा खर्ची पडतो. शिवाय रूळ व तारांच्या दुरुस्तीसाठीही मोकळा वेळ लागतो आणि तो बहुधा दुपारी काढला जातो. दुपारच्या लोकलबद्दल प्रवासी वर्षानुवर्षे ओरड करीत आले, त्याचे मूळ येथे आहे. ‘गाड्या वाढवा’ ही मागणी रास्त असली, तरी मार्ग वाढल्याशिवाय ती पुरी होणे कठीण.

चार मार्ग झाले की मुंबईप्रमाणे धीम्या व जलद गाड्या वेगळ्या करता येतील. लोकल ८० मिनिटांऐवजी ५० मिनिटांत पोहोचेल अशी अपेक्षा मात्र कुणी धरू नये, कारण थांबे तेवढेच राहणार. वाचेल तो फलाटावर वाट पाहण्याचा वेळ. तो थोडा नाही. दोन कारागिरांची रोज ४० मिनिटे वाया जात असतील, तर महिन्याच्या २५ दिवसांत २,००० मिनिटे होतात. आठ तासांच्या हिशेबाने ही चार दिवसांची मजुरी झाली.

आता सबुरीचा भाग. ठाणे–दिवा पाचवी व सहावी मार्गिका जेमतेम नऊ किलोमीटरची. तिची पायाभरणी २००८ साली झाली आणि लोकार्पण फेब्रुवारी २०२२ मध्ये. त्यानंतर ३६ जादा लोकल फेऱ्या आल्या खऱ्या, पण चौदा वर्षांनी. तेव्हा मंजुरीच्या बातमीवर कर्ज काढून स्थानकाजवळ गाळा घेणे आमच्या मते धाडसाचे आहे. आजच्या गिऱ्हाइकीवर भाडे निघत असेल तरच घ्यावा.

पौड, पिरंगुट, भूगावच्या व्यापाऱ्यांना लोकलपेक्षा मेट्रो जवळची. वनाझ–रामवाडी मार्ग मार्च २०२४ मध्ये पूर्ण झाला आणि जून २०२५ मध्ये केंद्राने वनाझ ते चांदणी चौक विस्ताराला मंजुरी दिली. माण–हिंजवडीकडून शिवाजीनगरला जाणारी २३ किलोमीटरची मेट्रो वेगळीच. शिवाजीनगरला रेल्वेचेही स्थानक असल्याने तेथे दोन्ही वाहतुकींची सांगड बसते. चांदणी चौकात एसटी, पीएमपी आणि दुचाकींना जागा मिळावी, ही मागणी व्यापारी संघटनांनी आताच लावून धरावी. पूल बांधून झाल्यावर जागा कोण देतो?

राहिला जमिनीचा प्रश्न. १९२१ च्या सत्याग्रहाने मुळशीचे नाव देशभर झाले, तेही जमिनीवरूनच. नव्या मार्गिकांना जेथे जागा लागेल तेथे मालकाला मोबदला मिळेल, पण भाड्याच्या गाळ्यातील कारागिराचे काय? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत जमीन नसलेले भाडेकरू आणि कारागीरही येतात. अट अशी की संपादनापूर्वी तीन वर्षे ते त्या भागात काम करीत असावेत आणि त्यांची मुख्य उपजीविका बाधित होत असावी. तोंडी सांगून ही तीन वर्षे सिद्ध होत नाहीत. भाडेकरार, भाड्याच्या पावत्या, दुकान नोंदणी, उद्यम नोंदणी, वीजबिल हे सर्व आपल्या नावाने असावे. वडिलांच्या किंवा मूळ मालकाच्या नावाने चालत आलेले कागद याच वर्षी बदलून घ्यावेत.