टिकाव हातात घेण्याआधी

बाळा, आठवडाभर खुर्चीत बसणारा तू आता दर रविवारी वेताळ टेकडीवर श्रमदानाला जाणार, हे ऐकून फार बरं वाटलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम सांगते. खणण्या-उचलण्यात दोन्ही प्रकार येतात, पण एका रविवारात हा हिशेब पुरा होत नाही. फक्त एवढं ध्यानात ठेव.

१. पहिल्या रविवारी अर्ध्या तासावर थांब, अंगात कितीही जोर असला तरी — अंग खरं बोलतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी शूर, पुढच्या रविवारी दूर!

२. उजाडताच काम सुरू कर आणि ऊन चढायच्या आत आवर — एसीत बसणाऱ्या अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

३. अंगठी घरी काढून ठेव — पहिला फोड तिच्याखालीच येतो, आणि बोट चेपून सुजलं की ती निघत नाही.

४. टिकावाचा दांडा आधी हलवून बघ, सैल असेल तर पाचर ठोकून घे — निसटलेलं लोखंड शेजाऱ्याच्या पायावर जातं.

५. रोज काम करणाऱ्या माणसाशेजारी उभा राहा आणि त्याचे हात बघ. तो टिकाव वर नेतो आणि खाली येऊ देतो — खणायचं काम लोखंडाचं वजनच करतं, मनगटाला झटका बसत नाही.

६. घमेलं अर्धंच भर, गुडघ्यात वाकून पोटाशी धरून उचल — वजन अंगापासून लांब गेलं की सगळा भार कंबरेवर. घमेलं अर्धं, तर कंबर सबंध.

७. दगडाची पलीकडची कड आधी पहारीने उचल — गारव्याला विंचू बसलेला असला, तर दगड तुमच्या दोघांच्या मध्ये राहतो.

८. तहान लागायची वाट बघू नकोस, मीठ घातलेलं ताक सोबत ने — घामाबरोबर मीठही जातं.

९. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर आधी घे — त्याचे जंतू मातीतच असतात.

१०. बीपी किंवा शुगर असेल तर डॉक्टरांना विचारूनच जा. छातीत दाटलं, गरगरलं, तर लगेच खाली बस आणि सोबत्यांना सांग — भिडेपोटी गप्प राहण्यात वेळ जातो, आणि तेव्हा वेळच मोलाची असते.

११. जुलैत रोप लावलंस, तर जानेवारी ते मे पाणी घालायलाही जा — आपल्याकडची रोपं जळतात ती उन्हाळ्यात. लावायला गाव, पाण्याला चौघं. त्या चौघांत तू अस.

झाडाला आणि अंगाला, दोघांनाही नेमच लागतो. तेव्हा बाळा, थोडंच कर, पण एकही रविवार चुकवू नकोस.