बंपर जागेवर आला, गाडी नाही

जानेवारीत गळीत हंगाम ऐन भरात असताना साताऱ्याहून सांगलीला मेहुण्याकडे निघालो होतो. पेठ नाक्यावर हायवे सोडला आणि आष्ट्याच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अंधारातून अचानक समोर आला. मागच्या ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. ब्रेक दाबत स्टिअरिंग डावीकडे ओढलं. डावं चाक साइडपट्टीवरून खाली आदळलं आणि ट्रॉलीच्या मागचा हूक बंपरात घुसला. वेग फार नव्हता. एअरबॅग उघडली नाही, कुणाला खरचटलंही नाही. ट्रॅक्टरवाल्या पोराने हात जोडले, बंपर खालून धरून ओढला आणि तो टक्कन जागेवर आला. जाळीचा एक तुकडा तेवढा रस्त्यावर राहिला.

सांगलीत मेहुण्याने मोबाइलच्या उजेडात पाहिलं. "दाजी, काय झालं नाय. जाळी तेवढी बसवून घ्या."

मलाही हेच ऐकायचं होतं. लाज वाटते, पण कारण सांगतो. चार वर्षं क्लेम घेतला नव्हता. नो क्लेम बोनस ४५ टक्क्यांवर पोचला होता, पुढच्या नूतनीकरणाला ५० होणार होता. तो घालवायचा नाही, म्हणून विमा कंपनीला कळवलंच नाही. वर स्वतःला व्यवहारी समजत होतो!

पुढच्या तीन आठवड्यांत गाडीने दोनदा सांगून पाहिलं. स्टिअरिंग सोडलं की ती डावीकडे जायची आणि डावा टायर आतल्या कडेने खाल्ला जात होता. मी अलायमेंट करून घेतलं. तिथल्या मुलाने "आकडे बसत नाहीत" असं म्हटलं होतं, मी "असू दे" म्हणालो. दुसरं म्हणजे कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरत होती. मी साधं पाणी ओतत राहिलो. गाडीखाली कधी थेंब दिसला नाही, म्हणून निर्धास्त होतो.

मग एकदा पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यातून निघून गेलो. परतताना मात्र घाट चढावा लागला. निम्म्या घाटात तापमानाचा काटा वर गेला. एसी बंद केला, पण बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंत रेटत राहिलो, आणि तीच शेवटची चूक. बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी टोईंगवरून साताऱ्यात पोचली.

साताऱ्यातला आमचा फिटर मूळचा सांगलीवाडीचा. २०१९ आणि २०२१च्या महापुरातल्या कितीतरी गाड्या त्याच्या हाताखालून गेल्यात. वरून धुऊन चकाचक, कार्पेट उचललं की कृष्णेचा गाळ. त्यामुळे दिसतं त्यावर विश्वास ठेवायची सवयच त्याला राहिलेली नाही. त्याने गाडी रॅम्पवर घेतली, बंपर उतरवला आणि मला बोलावलं.

"सर, बंपर म्हंजे नुसता मुखवटा. प्लास्टिक हाय, दाबलं की परत येतंय. मागचं लोखंड येत न्हाय."

बंपरमागची लोखंडी पट्टी वाकली होती. हुकाने एसीचा कंडेन्सर आत दाबला होता आणि त्यामागे रेडिएटरच्या कडेला केसाएवढी चीर गेली होती. इंजीन गार असताना ती बंद राहायची. तापून आत दाब वाढला की तिथून वाफ निघून जायची. थेंब न दिसण्याचं कारण हे. डाव्या चाकाचा लोअर आर्म वाकलेला, मग अलायमेंटचे आकडे बसणार कसे? आणि इंजिनाचं हेड गॅस्केट गेलेलं.

आता क्लेम केला. सर्व्हेअरने कागद पाहून शांतपणे पॉलिसीतली एक शर्त दाखवली: अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या माथी. त्यात उशिरा कळवल्याबद्दल खुलासा लिहून द्यावा लागला तो वेगळाच. रेडिएटर, कंडेन्सर, आर्म यांचे पैसे घसारा वजा होऊन मिळाले. प्लास्टिक-रबराच्या भागांना घसारा ५० टक्के, हेही तेव्हाच कळलं. इंजिनाचे अडतीस हजार खिशातून गेले आणि बोनसही गेला. कंपनीने अन्याय केला असता तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार आणि दाद न मिळाल्यास पुण्याच्या विमा लोकपालाकडे अर्ज, हा रस्ता होता. पण चूक माझी होती. तिथे जाऊन काय सांगणार?

म्हणून ओळखीच्यांना आता बजावतो: ठोकर लहान असली तरी गाडी हलवण्याआधी समोरून, बाजूने, खालून फोटो काढा आणि त्याच दिवशी कंपनीला कळवा. क्लेम घ्यायचा की नाही ते खर्चाचा आकडा कळल्यावर ठरवा. बंपर उतरवल्याशिवाय कुणी "काही नाही" म्हणालं तर मानू नका, मग तो मेहुणा का असेना. गॅरेजचा पहिला अंदाज बाहेरून बघून केलेला असतो. उघडल्यावर आणखी काही निघालं तर काम थांबवून सर्व्हेअरला पुन्हा बोलवा, वाढीव अंदाज लेखी द्या आणि जुने भाग त्याने पाहिल्याशिवाय भंगारात जाऊ देऊ नका. काटा चढला तर जागा शोधत बसू नका, इंडिकेटर लावून कडेला थांबा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं.

आणि पॉलिसी कपाटात पडली असेल तर आज बाहेर काढा. शर्ती बारीक अक्षरात असतात, चष्मा घेऊन बसा.