परीक्षा नाही, मग बालवाडीच्या ताई वहीत काय लिहितात?

प्रश्न : माझी चार वर्षांची नात बालवाडीत जाते. तिथे परीक्षा नाही, गुण नाहीत. तरी मुलं खेळत असताना ताई वहीत सारखं काहीतरी टिपत असतात. परीक्षाच घ्यायची नाही तर नोंदी कशाला? त्यांचं पुढे होतं काय?
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, 'पुढे काय होतं' हाच खरा प्रश्न आहे. पुढे काहीच होत नसेल, तर ताईंची मेहनत फुकट. चांगल्या बालवाडीत मात्र पुढच्या आठवड्याचं नियोजन त्या वहीतूनच निघतं.

समजा, एखादी मुलगी एक ते दहा घडाघडा म्हणते. घरचे खूश. ताई तिच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवून म्हणतात, "मला चार दे." ती मूठभर उचलून देते. म्हणजे अंकांची नावं पाठ झाली आहेत. पण मोजताना शेवटी आलेला अंक म्हणजेच एकूण वस्तू, हे अजून उमगलेलं नाही. या वयात असं होणं अगदी स्वाभाविक आहे. आता वहीत 'गणितात कच्ची' असं लिहिलं, तर त्यातून काहीच हाती लागत नाही. 'दहापर्यंत म्हणते, चार मागितले तर मूठभर देते' असं लिहिलं, की पुढचं काम दिसतं. अकरा-बारा घोकून घ्यायची घाई करायची नाही. खाऊच्या वेळी प्रत्येकाला तीन-तीन शेंगा वाढायचं काम तिला द्यायचं, फाशावर पडेल तितकी घरं चालायचा खेळ घ्यायचा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा चिंचोके मागायचे. तरीही जमलं नाही, तर खेळ बदलायचा; मुलीला बोल लावायचा नाही.

'त्यापेक्षा छोटीशी तोंडी परीक्षा घेतली तर काय बिघडलं?' असं पुष्कळांना वाटतं. पण इतकं लहान मूल बुजलं किंवा पेंगुळलेलं असलं, की येत असलेलंही सांगत नाही. घरी वारली किंवा कोरकू बोलणारं मूल मराठीत विचारलेल्या रंगाचं नाव सांगू शकलं नाही, म्हणून त्याला रंग ओळखता येत नाहीत असं ठरवणं हा अन्याय आहे. पायाभूत स्तराच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी परीक्षा अयोग्य ठरवल्या आहेत. निरीक्षण करा आणि मुलांनी केलेली चित्रं, वस्तू पाहा, असं तो सांगतो.

मुलांकडे पाहून पुढचं ठरवायचं, हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासी मुलं गुरांमागे जातात हे पाहून शाळाच कुरणावर नेण्याचा प्रयोग त्यांच्या कामातून झाला.

वर्गात पंचवीस मुलं असली, तर रोज चार-पाच मुलांकडे नीट पाहिलं तरी पुरतं. महिनाअखेरीस एका बैठकीत भरलेले रकाने मात्र कुणाच्याच उपयोगाचे नसतात.

तेव्हा आजी, पुढच्या पालकसभेत ताईंना एवढंच विचारा : गेल्या आठवड्यात नातीचं काय दिसलं, आणि त्यावरून या आठवड्यात काय ठरवलंत? दोन्ही उत्तरं एकमेकांशी जुळली, तर वही कामाची आहे.