बागुलबुवाची न्याहारी

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता भोसरी मागे टाकून मोशीला येतो आणि पुढे इंद्रायणी ओलांडून चाकणला पोहोचतो. चाकण हे गाव फार दिवसांपासून कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. १९५४ साली पिंपरी येथे पेनिसिलिन तयार करणारा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढे या सर्व परिसरात एकामागून एक कारखाने उभे राहिले आणि चाकणच्या माळावर मोटारींचे सुटे भाग घडू लागले. जिथे पूर्वी बैलगाड्यांची रांग लागे, तिथे आज कामगारांना नेणाऱ्या बसगाड्यांची रांग लागते.

अशाच एका कामगाराचे कुटुंब मोशीला राहत होते. घरात आईवडील, सातवीत शिकणारी मुलगी आणि चौथीत शिकणारा मुलगा अशी चार माणसे होती. वडिलांची दुसरी पाळी असली, की त्यांना घरी परतण्यास मध्यरात्र होई. दारावरची घंटा वाजताच मुलगा जागा होई. बाबांना भेटावे असे त्याला फार वाटे. पण खोलीपासून दारापर्यंत अंधारी वाट होती. तेवढी वाट चालण्याचे धैर्य त्याला होत नसे. समोर बांधकाम चालू असलेल्या इमारतीवर दृष्ट लागू नये म्हणून एक काळी बाहुली टांगलेली होती. ती वाऱ्याने हलली, की त्याला वाटे, ती आपल्यालाच बोलावीत आहे. पांघरूण डोक्यावर ओढून तो तसाच पडून राही.

त्याला आणखी एका गोष्टीचे भय होते. ती म्हणजे भाजी! शाळेच्या डब्यातील पोळी संपे, पण भाजी जशीच्या तशी परत येई. भोपळा पाहताच तो तोंड फिरवी, गाजराला हात लावीत नसे आणि ढोबळी मिरचीचे नाव काढताच ताटावरून उठे.

ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस खेड तालुक्यातील आपल्या गावाहून आजी आली. येताना तिने पिशवीभर भाजी आणली होती. त्याच संध्याकाळी शेजारच्या गृहसंकुलात मुलांनी भुतांची सोंगे घेतली होती. एका लाल भोपळ्याला डोळे व दात कोरून त्यांनी आत दिवा लावला होता. ते जळते डोळे पाहताच आपला हा वीर धावत घरी आला आणि आजीच्या मागे लपला.

आजीने त्याला हसून वेडावले नाही. तिने विचारले, "बाळा, ते भूत कुणी केले?"

"मुलांनी," तो म्हणाला.

"कशाचे केले?"

"भोपळ्याचे."

"मग तुला भ्यायचे कारण काय? भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट तुला ठाऊक आहे ना? भोपळ्याला वाघ फसला. तू वाघासारखा फसणार, की म्हातारीसारखा शहाणा होणार?"

ताईने पुस्तकात वाचलेली माहिती सांगितली. आयर्लंडमध्ये ३१ ऑक्टोबरच्या रात्री सलगमासारखे कंद पोखरून त्यात दिवा ठेवण्याची जुनी रीत होती. तेथील लोक अमेरिकेत जाऊन राहिले, तेव्हा त्यांना तेथे मोठे भोपळे मिळाले. भोपळा कोरणे सोपे. म्हणून कंदाची जागा भोपळ्याने घेतली. "म्हणजे आजी," ती म्हणाली, "हे भूत मुळात न्याहारीचेच सामान आहे."

"उत्तम!" आजी म्हणाली. "उद्या रविवार आहे. उद्या आपण भुते करू आणि ती खाऊन टाकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही नातवंडे हात धुऊन स्वयंपाकघरात बसली. भाज्या पाण्याने स्वच्छ धुण्याचे काम मुलाकडे आले. बटाटे धुताना आजीने एक बटाटा बाजूला काढला. त्याच्या सालीवर हिरवट छटा होती. "हा नको," ती म्हणाली. "उजेडात फार दिवस पडलेला बटाटा असा हिरवा होतो. त्यात सोलॅनिन नावाचे विष वाढलेले असते. उकडूनही ते जात नाही."

उरलेले बटाटे उकडून, सोलून कुस्करले. त्यात मीठ, जिऱ्याची पूड व लिंबाचा रस घातला. मुलाने त्या गोळ्याला वर निमुळता व खाली घोळदार आकार दिला आणि काळ्या मनुकांचे दोन डोळे बसवले. पांढरे शुभ्र भूत ताटात उभे राहिले. एक भूत जरा वाकडे झाले. "याची पाठ दुखत असेल," ताई म्हणाली आणि मुलगा प्रथमच हसला.

मग आजीने लाल भोपळा किसला. त्यात भाजणी, चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट व मीठ मिसळून तिने पीठ मळले आणि ओल्या फडक्यावर थालीपीठ थापले. तेल सर्वत्र पोहोचावे म्हणून थालीपिठाला बोटाने भोके पाडतात. आजी नेहमीप्रमाणे भोके पाडू लागली, तोच मुलगा ओरडला, "आजी, थांब! दोन भोके डोळ्यांची आणि एक तोंडाचे!" आजीचा हात थांबला. इतकी वर्षे तिने थालीपिठे थापली होती. परंतु त्यांना डोळे असतात हे तिलाही आजच कळले. तव्यावर एक हसरा राक्षस खमंग भाजू लागला.

ढोबळ्या मिरचीचे पोट आजीने स्वतः सुरीने कोरले. ताईने तिच्या देखरेखीखाली मिरचीला वाकडे तोंड कापले आणि आत मोड आलेल्या मटकीची उसळ भरली. मटकीचे मोड तोंडातून बाहेर डोकावू लागले. गाजराच्या लांब फोडी चेटकिणीची बोटे झाल्या. मुळ्याची पातळ चकती चक्क्याने चिकटवून त्यांना नखे लावली आणि ती बोटे हिरव्या चटणीच्या वाटीत उभी केली.

गाजर हातात घेऊन आजी म्हणाली, "आमच्या लहानपणी गावात काही मुलांना दिवस मावळला की काही दिसेनासे होई. ती भिंतीला धरून चालत. त्याला रातांधळेपणा म्हणत." ताईने त्याचे कारण सांगितले. मंद उजेडात दिसण्यासाठी डोळ्यांना अ जीवनसत्त्व लागते. गाजर, लाल भोपळा व हिरव्या पालेभाज्या यांत कॅरोटीन असते. त्यापासून शरीर हे जीवनसत्त्व तयार करते. शिजवलेल्या भाजीत थोडे तेल असले, तर कॅरोटीन अधिक चांगले शोषले जाते. मुलांना या कारणाने अंधत्व येऊ नये म्हणून १९७० साली भारत सरकारने अ जीवनसत्त्वाची मात्रा देण्याची योजना सुरू केली.

मुलगा विचारात पडला. तो अंधाराला भीत होता आणि अंधारात पाहण्यास मदत करणाऱ्या भाजीलाही भीत होता!

शेवटी काकडीचा साप करावयाचा होता. आजीने पहिल्या काकडीचा तुकडा चाखला आणि मान डोलावली. दुसरीचा तुकडा जिभेवर ठेवताच तिने तो थुंकला आणि ती काकडी टाकून दिली. "कडू दुधी किंवा कडू काकडी कधी पोटात जाऊ देऊ नये," ती म्हणाली. "त्या कडूपणात विष असते. कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावली आहेत."

नातवाने लगेच तिला पकडले. "आजी, तू मला सांगतेस, भिऊ नकोस, आणि तूच हिरव्या बटाट्याला भितेस, कडू काकडीला भितेस. मग तू शूर कशी?"

आजी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "चांगले विचारलेस. भय दोन प्रकारचे असते, बाळा. एक भय हाताळून पाहिले की पळते. बटाट्याचे भूत तू केलेस; आता त्याला भितोस का? दुसरे भय हाताळून पाहिले, तरी जागेवर राहते. विष विषच असते आणि सुरीची धार धारच असते. पहिले भय सोडावे, दुसरे पाळावे. कोणते भय कोणते, हे ओळखण्यासाठी जवळ जाऊन नीट पाहावे लागते. पांघरुणात तोंड लपवून ते कळत नाही."

ताट सजले. मुलाने प्रथम भुताचा एक डोळा खाल्ला, मग डोके खाल्ले. चेटकिणीचे एक बोट चटणीत बुडवून त्याने भीत भीत चावले आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. ढोबळी मिरची मात्र त्याने निम्मीच खाल्ली. आजीने आग्रह केला नाही. ती एवढेच म्हणाली, "निम्मा राक्षस मारलास, उरलेला पुढच्या रविवारी."

त्या रात्री वडिलांची दुसरी पाळी होती. त्यांच्यासाठी मुलाने एक भूत व एक थालीपीठ झाकून ठेवले होते. मध्यरात्री घंटा वाजली. आई उठू लागली, तोच पलीकडून लहान पावलांचा आवाज आला. समोरच्या इमारतीवर काळी बाहुली हलत होती. मुलगा खिडकीशी थांबला. त्याने तिच्याकडे नीट पाहिले. दोरी होती, कापड होते आणि वारा होता. मग भिंतीवरून हात फिरवीत तो अंधारातून दारापर्यंत गेला आणि त्याने विचारले, "कोण आहे?"

"अरे, मी! बाबा!"

आवाज ओळखीचा होता. त्याने कडी काढली. थकलेले वडील आश्चर्याने पाहत राहिले. "तू? एकटा आलास?"

"हो बाबा," तो म्हणाला. "आत चला. तुमच्यासाठी भूत ठेवले आहे."

स्वाध्याय

१. मुलाला कोणकोणत्या गोष्टींचे भय वाटत होते?
२. आजीने भयाचे दोन प्रकार कोणते सांगितले? प्रत्येकाचे एक उदाहरण पाठातून व एक स्वतःच्या अनुभवातून लिहा.
३. दार उघडण्यापूर्वी मुलाने "कोण आहे?" असे विचारले. हे भित्रेपण की शहाणपण? सकारण सांगा.
४. घरातील मोठ्या माणसांच्या मदतीने भाज्यांचे एक सोंग तयार करा व त्याची कृती दहा ओळींत लिहा.