परस्पर बंद केलेली गोळी

चौतीस वर्षे कोषागारात दुसऱ्यांच्या हिशेबांची रुजवात घालण्यात ज्याची हयात गेली, त्याने स्वतःच्या प्रकृतीच्या बाबतीत मात्र कसलीही शहानिशा न करता निर्णय घ्यावा, याची खंत मला आजही आहे. आणि त्या निर्णयाची जी किंमत मला व माझ्या कुटुंबाला मोजावी लागली, ती दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये, एवढ्याच हेतूने ही कैफियत मी मांडीत आहे.

२०१७ साली साताऱ्यात माझ्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसविण्यात आला, आणि तेव्हापासून रक्त पातळ राखणाऱ्या औषधाबरोबर रोझुव्हास्टॅटिनची २० मिलिग्रॅमची गोळी मी रात्रीच्या जेवणानंतर नेमाने घेत असे. पाच वर्षांनी पोटाच्या एका किरकोळ तक्रारीसाठी सोनोग्राफी झाली, तीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड दोन’ असा शेरा आला, आणि रक्ततपासणीत यकृताचे, साधारणतः ४० च्या आत असावयाचे एसजीपीटी ७८ निघाले. त्याच सुमारास एका स्नेह्यांनी, केवळ माझ्याविषयीच्या कळकळीपोटी, सांगितले, “अहो, ती कोलेस्टेरॉलची गोळी लिव्हर खराब करते. आधी ती बंद करा.” गोळीबरोबरच्या बारीक टायपातील पत्रकात यकृताचा उल्लेख होताच, मला तेवढा पुरावा पुरेसा वाटला. डॉक्टरांना न विचारता आणि पत्नीलाही न सांगता मी गोळी थांबविली. घरात संशय येऊ नये म्हणून दरमहा दुकानातून ती आणीत मात्र होतो, आणि आणलेली प्रत्येक पट्टी टेबलाच्या खणात, पेन्शनच्या पुस्तकाखाली, सरकवून ठेवीत होतो.

आठवा महिना सरता सरता एका पहाटे छातीत पुन्हा तीच कळ उठली, आणि दुसऱ्या वाहिनीत दुसरा स्टेंट पडला. घरी परतल्यावर विम्याचे कागद शोधताना पत्नीने तो खण उघडला. पंधरा गोळ्यांच्या सोळा पट्ट्या, त्यांतली एकही न फोडलेली, तिने टेबलावर एकीशेजारी एक मांडल्या आणि बराच वेळ ती त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. शेवटी एवढेच म्हणाली, “अहो, मला तरी सांगायचं होतंत.”

पुढील भेटीत त्या २४० गोळ्यांचा हिशेब मी आमच्या हृदयरोगतज्ज्ञांपुढे ठेवला. ते रागावले नाहीत. “काका,” ते म्हणाले, “यकृतात चरबी साठलेल्या माणसाला बहुधा यकृताच्या आधी हृदयच दगा देतं.” फॅटी लिव्हरच्या रुग्णांत मृत्यूचे सर्वाधिक आढळणारे कारण हृदयविकार हेच आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. एसजीपीटी कमाल मर्यादेच्या तिपटीपलीकडे जात नाही, तोवर केवळ त्या वाढीपायी रोझुव्हास्टॅटिनसारखे स्टॅटिन बंद करण्याचे सहसा प्रयोजन नसते. ग्रीसमधील एका अभ्यासाचा दाखला त्यांनी दिला. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, यकृताच्या तपासण्या माफक बिघडलेल्या हृदयरुग्णांपैकी ज्यांना स्टॅटिन मिळाले, त्यांच्यात हृदयाचे व रक्तवाहिन्यांचे आघात सुमारे दहा टक्क्यांना झाले, आणि ज्यांना ते मिळाले नाही, त्यांच्यात तीस टक्क्यांना. शिवाय औषध घेणाऱ्यांच्या यकृताच्या तपासण्या सुधारल्या होत्या.

गोळी पुन्हा सुरू करताना त्यांनी जी तजवीज केली, ती समजून घेण्याजोगी आहे. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली, तरी वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल जेमतेम सहा टक्क्यांनी अधिक उतरते. कारण स्टॅटिन यकृतातील उत्पादनाला आळा घालते, पण आतड्यातून आत येणाऱ्या कोलेस्टेरॉलची वाट मोकळीच राहते. ती वाट एझेटिमाइब अडविते, आणि एलडीएलमध्ये आणखी सुमारे एक पंचमांश घट होते. म्हणून मला रोझुव्हास्टॅटिन १० व एझेटिमाइब १० अशी जोडगोळी देण्यात आली. दक्षिण कोरियात ३,७८० रुग्णांवर हाच जोड एकट्या रोझुव्हास्टॅटिन २० शी ताडून पाहण्यात आला, त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले: हृदयाचे संरक्षण तीन वर्षांत उणे पडले नाही, एलडीएल ७० च्या खाली अधिक जणांचे आले, आणि औषध सोसत नाही म्हणून ते थांबविण्याची वा मात्रा घटविण्याची वेळ ८.२ टक्क्यांऐवजी ४.८ टक्के रुग्णांवरच आली. माझे एलडीएल रुग्णालयात १४१ होते. तीन महिन्यांनी ते ५८ झाले.

तथापि या जोडगोळीने यकृतातील चरबी वितळते, असा समज कोणी करून घेऊ नये. माझे एसजीपीटी खाली आले, ते वजन ८१ किलोवरून ७५ वर आल्यानंतर. रात्रीचा भात सुटला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचा रोजचा फेरा सुरू झाला, त्याचे ते फळ. दारूला मी पूर्वीही शिवत नव्हतो; जे घेतात, त्यांनी ते डॉक्टरांपासून मुळीच लपवू नये. ज्यांच्या यकृताचा आजार सिरोसिसपर्यंत पोहोचून पोटात पाणी होऊ लागले आहे किंवा कावीळ दिसते आहे, त्यांना माझा दाखला लागू पडत नाही; त्यांचा निर्णय यकृततज्ज्ञच करतील. अकारण स्नायू ठणकू लागले किंवा लघवी काळसर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. ट्रायग्लिसराइडसाठी दुसऱ्या कोणी जेमफिब्रोझिल लिहून दिले, तर आधीच्या स्टॅटिनचे नाव त्यांच्यापुढे ठेवल्याखेरीज ते घेऊ नये, कारण त्या दोहोंच्या संयोगाने स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. घरगुती काढे आणि चूर्णे हीसुद्धा डॉक्टरांना दाखवावयाच्या औषधांच्या यादीत लिहावीत. मी आता सर्व औषधांचा एकच कागद बाळगतो आणि प्रत्येक डॉक्टरांना तोच दाखवितो.

ज्यांच्या घरी हृदयरुग्ण आहे, त्यांना माझी विनंती आहे, की आज रात्री त्याच्या पट्टीतील गोळ्या एकदा मोजून पाहाव्यात. आणि हिशेब जुळला नाही, तर त्याला न रागावता, ती पट्टी व तो मिळून दोघांनाही डॉक्टरांकडे घेऊन जावे.