वाचून दाखविला

॥ श्री ॥

सातारा

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. हल्ली कोणी पत्र लिहीत नाही आणि लिहिले तरी टपालात टाकीत नाही. तू दोन्ही केलेस, तेव्हा उत्तरही तितक्याच सवडीने द्यावे म्हणून तीन दिवस सकाळच्या उन्हात मांडीवर फळी घेऊन बसतो आहे. नेमणुकीचा हुकूम आला, येत्या सोमवारी सजावर हजर व्हायचे, हे ऐकून तुझ्या आजीने देवापुढे साखर ठेवली, आणि मी मात्र जुन्या खोडीप्रमाणे, हुकमाचा जावक क्रमांक तू कळविला नाहीस म्हणून मनात चडफडलो. सरकारने तलाठ्याचे आता 'ग्राम महसूल अधिकारी' असे भारदस्त नामकरण केले आहे. आम्हांला गाव 'भाऊसाहेब' म्हणे; तुला काय म्हणतात ते पहिल्याच पत्रात कळव.

पत्राच्या अखेरीस तू विचारले आहेस की, पंचविशीतला तो तलाठी आज समोर येऊन उभा राहिला, तर आजोबा, तुम्ही त्याला काय सांगाल? हा प्रश्न आमच्या संध्याकाळच्या बाकाला नवा नाही. एक जण म्हणतो, स्टेशनरस्त्याचा तो तुकडा तीन हजारांना चालून आला होता, तो घ्यायला सांगेन. दुसरा कवळी सावरीत म्हणतो, दात सांभाळायला सांगेन. तिसऱ्याची पत्नी चार वर्षांपूर्वी गेली, तिने तीस वर्षे काशीचे नाव काढले असता आपण दर खेपेस 'पुढच्या उन्हाळ्यात' म्हणत राहिलो, एवढे बोलून तो काठीने मातीत रेघा ओढीत बसतो. तिसऱ्यापुढे मी कधी तोंड उघडलेले नाही. पहिल्याशी मात्र नेहमी भांडतो, कारण जमिनीला पुढे सोन्याचा भाव येणार हे त्या काळी ना त्याला ठाऊक होते ना विकणाऱ्याला; पीक घरात आल्यावर पेरणीचा मुहूर्त सांगण्यात कसले आले शहाणपण? त्या तरुणाला जे त्याच दिवशी, हातातल्या कागदावरून आणि पुढ्यात बसलेल्या माणसावरून कळण्याजोगे होते, आणि तरीही जे त्याने केले नाही, तेवढेच त्याच्या नावे मांडावे आणि बाकीचे दैवाच्या खाती टाकावे, असे माझे मत आहे.

या कसोटीला लावले म्हणजे छत्तीस वर्षांच्या चाकरीतले पुष्कळसे पश्चात्ताप गळून पडतात. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांचे हजेरीपट लिहिताना, सुकडीच्या पोत्यांचा हिशेब ठेवताना आमच्या हातून चुका झाल्या; परंतु दिवसाला हजार माणसे पुढे उभी असताना आणि लिहिणारे दोन हात असताना त्याहून फारसे निराळे घडले नसते. त्या चुकांची मला खंत वाटते. शरम वाटते ती एका कागदाची, आणि तो आजवर मी घरात कोणाला सांगितलेला नाही.

१९६८ सालची दिवाळी. मला नोकरीस लागून तीन वर्षे झाली होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आदल्याच वर्षी, १५ ऑगस्टपासून, अमलात आली होती आणि तिची कलमे मला खुद्द तहसीलदारांहून अधिक मुखोद्गत आहेत अशी माझी खात्री होती. अँडरसन मॅन्युअल उशाशी घेऊन निजणारा तलाठी, अशी माझी सर्कलभर थट्टा होई आणि ती मला बिरुदासारखी मिरवावीशी वाटे. सजातल्या एका गावचा खातेदार आषाढात वारला होता. मागे दोन मुलगे आणि एक लग्न करून दिलेली मुलगी. जमीन तीन ठिकाणी मिळून नऊ एकर काही गुंठे, त्यांत विहिरीखालचा तुकडा तेवढा खरा कसदार. मुलगी भाऊबीजेला माहेरी आली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे भाऊ तिला चावडीवर घेऊन आले. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीलाही बापाची वारस ठरविले होते, तेव्हा तिचे नाव वगळायचे तर तिचा जबाब घ्यावा अशी वहिवाट पडली होती, आणि ही वहिवाट चावडीचावडीवर इतकी मुरली होती की, तो मजकूर मी झोपेतही लिहिला असता. माझे भावांनी मला वेळोवेळी साडीचोळी करून संतुष्ट ठेविले आहे, सबब वडिलांचे मिळकतीत मला हिस्सा घेणे नाही, माझे नाव दाखल करू नये, हा जबाब मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाचे दडपणाशिवाय लिहून दिला, तो मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.

शेवटची ओळ पुन्हा वाच. 'वाचून दाखविला' हे शब्द मी तिने तोंडातून अक्षर काढण्याआधीच लिहून मोकळा झालो होतो. ती उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर मूल पेंगत होते आणि अंगावरच्या नव्या लुगड्याची घडी अजून मोडली नव्हती. थोरल्या भावाने तिचा डावा हात धरून अंगठा स्टॅम्पपॅडवर टेकविला, तेव्हा तिने मान वर करून विचारले, "भाऊसाहेब, काय लिवलंय ह्यात?" पाचची एसटी फाट्यावर यायच्या बेतात होती, चुकली असती तर रात्री चावडीतच मुक्काम पडला असता आणि सकाळच्या बैठकीला कागद पोचले नसते. मी भावाकडे पाहिले. तो म्हणाला, "आबांच्या जागी वारस लावायचं हाय, दुसरं काय!" या वाक्यात खोटे असे एकही अक्षर नव्हते, आणि म्हणूनच मला नुसती मान हलविता आली. पहिला अंगठा जबाबावर उमटला, दुसरा नोटिशीवर. म्हणजे जिच्यामुळे तिला हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत मिळायची, ती नोटीस पोचल्याची निशाणीही मी त्याच बैठकीत उरकून घेतली. अंगठ्याची शाई तिने डोक्यावरच्या केसांत पुसली, पदर सारखा केला, आणि जाताना मला वाकून नमस्कार केला. एसटी मिळाली. खिडकीजवळची जागासुद्धा मिळाली.

अकरा वर्षांनी मी मंडल अधिकारी असताना, कचेरीच्या व्हरांड्यात एक बाई नक्कल हाती धरून, वाचून दाखवील असा कोणी मिळतो का म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहत उभी होती. नवरा गेला होता, दिरांनी घराबाहेर काढले होते, आणि माहेरी हिश्शाची गोष्ट काढताच भावांनी, तू तर केव्हाच सोडून दिलास, असे सांगितले होते. मी कागद हाती घेतला. तिने मला ओळखले नाही. मी मात्र अक्षर ओळखले. बाकड्यावर बसवून मी तो जबाब तिला पहिल्या शब्दापासून अखेरच्या शब्दापर्यंत वाचून दाखविला, आणि 'वाचून दाखविला' येथवर आलो तेव्हा माझा आवाज कसा लागला असेल ते तूच ताड. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "येवढंच व्हय? तवाच वाचून दावलं असतं तर भावांस्नी दिला बी असता. पर मंग त्यो म्या दिला असता."

मी तिला प्रांतांकडे अपील करण्याची वाट सांगितली. नुसत्या फेरफाराने कोणाची मालकी जात नाही, स्थावरातला हक्क खराच सोडायचा तर नोंदणी झालेला दस्त लागतो, हेही समजावून दिले, आणि अर्जाच्या खर्चाचे पैसे काढून पुढे केले. तिने नक्कल चौघडी करून कनवटीला खोचली आणि विचारले, "भावांवर दावा लावला, तर दिवाळीला कुनाकडं जाऊ?" पैसे तिने घेतले नाहीत. ते अक्षर माझे आहे, हे मी तिला सांगितले नाही. पंचविशीतल्या तलाठ्याला काय सांगाल, असे तू विचारलेस; छत्तिशीतल्या सर्कलला काय सांगावे, ते मला अद्याप सुचलेले नाही.

आता तुझ्या कामाविषयी. लाच घेऊ नकोस, असे मी लिहीत नाही. ते तुला घरात शिकविले आहे, आणि ज्याला घरात शिकविलेले नसते त्याला ते पत्राने कळत नाही. तुझ्या काळात कायदा आमच्यापेक्षा पुष्कळ सरस झाला आहे: १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली साऱ्या देशाने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. फेरफार संगणकावर होतो, सातबाऱ्यावर तुझी डिजिटल सही उमटते, दप्तर कुलूपबंद पेटीऐवजी कुठल्याशा सर्व्हरवर असते. हे सारे उत्तम आहे. पण भावांबरोबर चावडीवर आलेली बहीण आजही भिंतीला टेकूनच बसेल आणि पडद्यावरचा मजकूर तिला आमच्या टाकाच्या अक्षराइतकाच अगम्य असेल. तेव्हा 'वाचून दाखविला' ही ओळ तू सर्वांत शेवटी लिही. आधी तिची जागा कोरी ठेव, भावांना चहा प्यायला बाहेर पाठव, मजकूर तिच्या बोलीत सांग, आणि काय ऐकलेस ते तिच्याच तोंडून वदवून घे. तिने तरीही सोडून दिले तर वाईट वाटून घेऊ नकोस. ते तिचे आहे, तिने काय वाटेल ते करावे. एसटी गेली तर जाऊ दे. गावात मुक्काम केलेल्या तलाठ्याला पिठल्याला आणि गप्पांना तोटा नसतो, आणि गावाचे खरे दप्तर रात्री नवानंतर उघडते, हे मला फार उशिरा कळले.

आणखी एक हकीकत याच अनुषंगाने सांगून टाकतो, नाहीतर तुझी आजी सांगेल आणि जास्त रंगवून सांगेल. माझे आजोबा वतनदार कुलकर्णी. १९५१ साली कुलकर्णी वतने संपुष्टात आली, गावचे दप्तर सरकारजमा झाले, आणि घरात एक खासगी कागदांचा रुमाल तेवढा उरला. मी आठ वर्षांचा होतो. ते मला रोज संध्याकाळी मोडी गिरवायला बसवीत आणि मी, शाळेत बाळबोधच चालते, असे सांगून अंगणात पळत असे. तो रुमाल पाऊणशे वर्षे माळ्यावर पडून होता. गेल्या वर्षी मी तो पुण्यास एका मोडी जाणणाऱ्या तरुणाकडे नेला. ज्याने हयातभर निरक्षरांचे अंगठे घेतले, तो मी माझ्याच घरच्या कागदापुढे त्या दिवशी निव्वळ 'निशाणी अंगठा' होतो. पोराने आधी विचारले, "आजोबा, घाई नाही ना?" आणि मग ओळीखाली बोट धरून एकेक कागद वाचीत गेला. मला वाटले होते, सनदा निघतील, निदान एखादा निवाडा तरी निघेल. निघाला तो म्हशीच्या कडब्याचा हिशेब, कोणास उसने दिलेले दोन रुपये, आणि एका टाचणात एवढी नोंद की, नातू गिरवावयास बसत नाही, सक्ती करू नये. ही ओळ मी त्याच्याकडून दोनदा वाचून घेतली.

पत्र लांबले. गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो होतो. यंत्राने माझा अंगठा तीनदा नाकारला, कारण वयाबरोबर रेषा झिजतात म्हणे. तेव्हा खिडकीतल्या मुलाने एक छापील कागद पुढे सरकविला आणि खाली सही करायला सांगितली. चष्मा घरी राहिला होता. मी विचारले, "बाळ, काय लिहिलंय यात?" तो म्हणाला, "काही नाही आजोबा, नुसती फॉर्म्यालिटी." मी म्हटले, "तेवढी वाचून दाखव." त्याने माझ्याकडे पाहिले, मागच्या रांगेकडे पाहिले, आणि वाचून दाखविला, अडखळला, पण शेवटपर्यंत वाचला. किती वेळ लागला ते मी पाहिले नाही. रांगेतल्या एकाने मात्र घड्याळ लावून पाहिले होते, आणि मी बाहेर पडत असताना त्याने मला ऐकू जाईल अशा बेताने सांगितले की, या म्हाताऱ्यापायी दोन मिनिटे गेली.

हजर झालीस की रुजू अहवालाची एक प्रत मला पाठव. जावक क्रमांकासह.

तुझा,
आजोबा