लातूर पॅटर्न पटावर चालत नाही

नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडचे पालक एकच प्रश्न घेऊन येतात: रिपीट करावं का? एकदा चालेल, तिसऱ्यांदा नाही, आणि मुलाला न विचारता एकदाही नाही. हा विषय इथेच संपवतो, कारण आता रांगेत दुसरा प्रश्न आहे. जुलै 2025मध्ये नागपूरची दिव्या देशमुख बातुमीत महिला विश्वचषक जिंकून 19व्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून "सर, लेकराला बुद्धिबळातच टाकतो, शाळा डमी करतो" म्हणणारे वडील वाढलेत.

टाकू नका.

पहाटेपासून वेळापत्रक, रोज टेस्ट, भिंतीवर रँक, ही आपल्या शिकवण्यांची रीत, म्हणजेच लातूर पॅटर्न. नीटला ती लागू पडते, कारण तिथे अभ्यासक्रम ठरलेला आहे आणि जागाही. दीडशे जागांच्या कॉलेजात शेवटचा आलेलाही डॉक्टर होतो. पटावर अशी शेवटची जागा नसते. असा विश्वचषक जिंकला नाही तर ग्रँडमास्टरला 2500 रेटिंग आणि तीन नॉर्म लागतात. एका नॉर्मसाठी साधारण नऊ डाव, तेही तगड्या, वेगवेगळ्या देशांच्या खेळाडूंसमोर, 2600च्या तोडीचे. म्हणजे परदेशवाऱ्या, प्रशिक्षकाची फी, आणि वर गेलेलं रेटिंग खाली येण्याची कायमची टांगती तलवार. "पोराचं 1500 झालंय" म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की मार्च 2024पासून फिडेचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचं, रेटिंग सुरूच 1400पासून होतं.

बरं, झाला ग्रँडमास्टर. पुढे? दिव्या भारताची 88वी. त्यांतले निव्वळ बक्षिसांवर घर चालवू शकतील असे मोजकेच. पुण्याच्या अभिजित कुंटेंची कारकीर्द बघा. 1997 आणि 2000मध्ये राष्ट्रीय विजेते, 2000मध्येच ग्रँडमास्टर. पण आज त्यांचं नाव घेतलं जातं ते घडवणाऱ्यांत. 2022च्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघ त्यांच्या कर्णधारपदाखाली कांस्य घेऊन आला, 2024मध्ये बुडापेस्टला सुवर्ण. हा कर्णधार स्वतः एकही डाव खेळत नाही. संघात पाच जणी, पट चार. आज कुणी बाहेर बसायचं हे तो ठरवतो आणि जिला बसवलं तिच्या नजरेला नजर देतो. डाव सुरू झाल्यावर त्याला एक चालही सुचवता येत नाही. एप्रिल 2025मध्ये पुण्यात महिला ग्रां प्री झाली, तिच्या आयोजनातही कुंटे होते. शिकवणं, संघ सांभाळणं, स्पर्धा उभी करणं: किताबानंतरचं आयुष्य हे आहे. यातलं बरंचसं किताबाशिवायही करता येतं.

माझ्याकडे आजवर कुणी विचारायला आलं नाही असं एक काम आहे, पंचाचं. शाळेच्या सभागृहात दोनशे मुलं, टेबलाटेबलावर घड्याळं. फेरी संपताच निकाल संगणकात भरून पुढच्या जोड्या लावायच्या. त्यातच एका कोपऱ्यात दहा वर्षांचं पोरगं रडतंय: समोरच्याने घोड्याला हात लावून उंट चालवला. कोण खरं बोलतंय? साक्षीदार नाही, दोघांचे बाप दारात. तिथे नियमपुस्तिका तोंडपाठ असलेला, आवाज न चढवणारा माणूस लागतो. अशी मुलं मला दरवर्षी भेटतात आणि त्यांना जबरदस्तीने बायोलॉजी घ्यायला लावलेली असते!

वाट सरळ आहे. आधी जिल्ह्याच्या स्पर्धांत सहायक म्हणून काम करा, मग अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची राष्ट्रीय पंच परीक्षा, पुढे फिडे पंच, आंतरराष्ट्रीय पंच. शिकवायचं असेल तर फिडेच्या प्रशिक्षक पदव्यांची वेगळी शिडी आहे. सुरुवातीचं मानधन किरकोळ असतं, त्यावर संसार होत नाही. म्हणून पदवी सोडू नका. बी.कॉम., बी.एस्सी., काहीही चालेल.

आणि वडिलांना एक विनंती. डाव चालू असताना पोराच्या पाठीमागे उभं राहू नका. पंच बाहेर काढतील, आणि मी पंचांच्या बाजूने असेन.